कसाऱ्याची म्हातारी आणि राईनपाड्याची अफवा

कसारा घाटात रात्री मुंडकं नसलेली म्हातारी झाडावर बसून हसते, ही गोष्ट यूट्यूबमुळे आता महाराष्ट्रभर पोचली आहे. शहापूर तालुक्याच्या टोकाचा हा घाट भुताविनाही अवघडच. इथला रेल्वेमार्ग १८६५ मध्ये इगतपुरीला भिडला. ३७ फुटांमागे एक फूट चढ, म्हणून बऱ्याच गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. महामार्गावर पावसाळी धुकं उतरलं की पुढच्या ट्रकचा लाल दिवाही दिसेनासा होतो. अशा वळणावर म्हातारीच्या धाकाने ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जात असेल, तर ती गोष्ट उपयोगाचीच म्हणायची.

या मुलखात गोष्टी जागेला चिकटून असतात. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याचे सुळके म्हणजे नवरा, नवरी आणि भटोबा. अख्खं वऱ्हाड डोंगरावर उभं आहे. मुरबाडकडून नाणेघाट चढून गेलं की माथ्यावर दगडी रांजण दिसतो. जकातीच्या नाण्यांनी तो रोज भरायचा, असं येणारा प्रत्येक जण ऐकतो. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञ आहेत, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी आहेत. रांजणाचा उल्लेख नाही. तरी व्यापारी वाटेची आठवण लोकांनी जपली ती रांजणामुळेच, आणि ती आठवण खरी आहे.

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी अशा समजुती शाळामास्तरांकडून लिहवून घेतल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांची हत्या झाली. पुढे इंग्रज अधिकारी एन्थोवेन यांनी ती टिपणं संपादित केली आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. मुंजा, समंध, हडळ, पाण्यातला गिऱ्हा, सगळे त्यात आहेत.

पूल टिकण्यासाठी पायात नरबळी लागतो, त्यासाठी पोरं पळवतात, ही भीतीही जुनीच. तिचा नवा अवतार मोबाइलवर आला: मुलं पळवणारी, किडन्या काढणारी टोळी. तिला ना डोंगर, ना घाट. त्यामुळे ती कुठल्याही गावची होऊ शकली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं तिथे आली होती. एकाने एका मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं आणि पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्या काळात देशभर फिरलेला अपहरणाचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला होता. मूल परत सोडल्याचा शेवटच कोणीतरी उडवला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. अफवा थांबली नाही. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघरच्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. तिथेही आधी चोरांच्या आणि मुलं पळवणाऱ्यांच्या बातम्या गावोगाव पसरल्या होत्या. २०१४ पर्यंत हा भागही कसाऱ्यासारखा ठाणे जिल्ह्यातच होता. मुंजा आणि गिऱ्हा मास्तरांनी जसे लिहून ठेवले, तसे हे मेसेजही आज गावोगावच्या शिक्षकांनी आणि पोलीस पाटलांनी लिहून ठेवायला हवेत: कधी आला, कोणाकडून आला, गावाचं नाव कुठे बदललं. पुढचा आला की तो जुनाच आहे, हे त्याच संध्याकाळी चावडीवर सांगता येईल.