सेटिंगचे पैसे कुणाच्या खाती?

समजा, सीएनसी लेथवर 100 नगांची वर्क ऑर्डर आहे. चक बदलणे, टूल लावणे, पहिला नग तपासून घेणे यासाठी ठरलेला वेळ 2 तास, दर तासाला 600 रुपये. म्हणजे सेटिंगचे 1,200. नगामागे 12 रुपये.

प्रत्यक्षात लागले 3 तास, आणि ओव्हरटाइममुळे दर पडला 650. खर्च 1,950. तफावत 750 रुपयांची: जादा तासाचे 600, चढ्या दराचे 150. इथवर हिशेब सरळ आहे. पण ग्राहकाने ऑर्डर 60 नगांवर आणली, तर नगामागे 12 प्रमाणे वसूल होतात फक्त 720. आणखी 480 रुपये अंगावर येतात, आणि ते सेटरच्या माथी मारणे अन्यायाचे. ते विक्री किंवा नियोजन विभागाचे. अहवालात सगळे 1,230 एकाच ओळीत दाखवले, की बोलणी मात्र सेटरच खातो.

मोठी बॅच घेतली तर नगामागचा आकडा घटतो खरा, पण माल गोदामात पडून राहतो. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी सेटिंगच्या वेळेवरच घाव घातला: 1969 मध्ये टोयोटाच्या 1,000 टनी प्रेसची चार तासांची सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आली.