उचल टाळायची तर बाजारापासून सुरुवात

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बचत गटांचे काम करताना शहरातले हितचिंतक मला एक प्रश्न नेहमी विचारतात : "या कुटुंबांना बचतीची सवय का नाही?" प्रश्न चांगल्या भावनेने विचारलेला असतो. पण गटातल्या बायकांच्या खर्चाच्या वह्या घेऊन बसले की चित्र उलटे दिसते. उधळपट्टी जवळजवळ नसतेच. तेल, मीठ, चहा, साखर, साबण, सुकट, मुलाची वही, एवढ्यातच वही संपते. तरीही पैसा पुरत नाही. त्याचे कारण असे की तीच वस्तू त्यांना शहरातल्या घरापेक्षा महाग पडते. पैसा हातात थोडा थोडा येतो, म्हणून वस्तूही थोडी थोडी घ्यावी लागते, आणि थोडे घेतले की महाग मिळते.

हा प्रश्न नुसत्या दहा-वीस रुपयांचा नाही. भाद्रपद-आश्विनात घरातले धान्य सरत आलेले असते, दुकानाची उधारी साठलेली असते, आणि नेमका तेव्हाच वीटभट्टीवाल्याचा माणूस उचल घेऊन पाड्यावर येतो. उचल घेतली की दिवाळीनंतर घरदार भिवंडी, वसई, वाड्याकडे निघते. सोबत मुलेही जातात आणि शाळा सुटते. भट्टीवर आठवड्याला नुसती खर्ची मिळते, बाकीचा हिशेब मोसमाच्या शेवटी होतो. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जावे लागते. कर्जात बांधून काम करून घेण्यावर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, पण ज्याच्या घरात दाणा नाही त्याला कायद्याआधी उचल दिसते. म्हणून दुकानात वाचलेला प्रत्येक रुपया हा उचलीतून कमी झालेला रुपया आहे, असे आम्ही गटात सांगतो.

किलोचा भाव विचारायचा

दुकानात "दहाचे तेल द्या" म्हटले की दुकानदार एक माप ओतून देतो. ते किती झाले हे कोणी पाहत नाही. आम्ही गटात एक साधा प्रयोग करतो. दहा रुपयांचे तेल आणून काट्यावर ठेवायचे. समजा ते ५० ग्रॅम भरले, तर किलोला २०० रुपये पडले. त्याच दुकानात एक किलोची पिशवी १५० ला असेल, तर दर दहा रुपयांमागे अडीच रुपये जास्त गेले. महिन्याला दीड किलो तेल लागत असेल, तर एका तेलापायीच ७५ रुपये गेले.

मात्र मोठे पुडके नेहमी स्वस्त असते असेही नाही. शांपूची एक-दोन रुपयांची पुडी पुष्कळदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून अंदाज न करता भागाकार करावा : किंमत भागिले वजन. आता बऱ्याच पुडक्यांवर कमाल किमतीशेजारी एका ग्रॅमची किंवा एका मिलिलिटरची किंमतही छापलेली असते. ती बारीक ओळ वाचायचे काम आम्ही शाळेतल्या मुलांकडे दिले आहे. मुले ते फार आवडीने करतात. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात, तेव्हा "वर टॅक्स वेगळा" हे म्हणणे खरे नसते, हेही मुलांनी आईला सांगावे.

उधारीचे व्याज मोजायचे

उधारीवर व्याज नसते असे बहुतेक घरांत मानतात. वहीत व्याज लिहिलेले नसते, ते भावात असते. रोखीने ४५ ला मिळणारी साखर महिन्याच्या उधारीवर ५० ला लावली, तर ४५ रुपयांवर महिन्याला ५ रुपये गेले, म्हणजे शेकडा ११ रुपयांहून जास्त. त्याच हिशेबाने रोखीचा ९०० रुपयांचा किराणा उधारीवर १००० ला पडतो. आता हेच ९०० रुपये गटातून शेकडा २ रुपये दराने घेतले तर महिन्याचे व्याज १८ रुपये. शंभराऐवजी अठरा. वाचलेले ८२ रुपये घरात राहिले, आणि १८ रुपये गेले तेही आपल्याच गटात.

आणखी एक फायदा असा की रोख पैसे हातात असले की दुसऱ्या दुकानात जाता येते. उधारी असेल तर त्याच दारात, त्याच भावाने घ्यावे लागते. दुकानदारही कोणी वैरी नसतो, त्याचेही पैसे अडकलेले असतात. पण उधारीची वही आपणही ठेवावी आणि दर आठवड्याला त्याच्या वहीशी ताडून पाहावी.

विकताना पायली, घेताना किलो

आपल्या भागात नागली, वरई, उडीद, तूर विकताना पायलीने मोजून देतात आणि दुकानातून घेताना मात्र किलोने घेतात. व्यापाऱ्याची पायली केवढी आहे हे त्यालाच ठाऊक असते. विकतानाही काट्यावरच द्यावे. काट्यावर वैधमापन खात्याची पडताळणी झालेली असावी लागते. वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे की नाही ते पाहण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे.

त्याहून मोठा तोटा वेळेचा आहे. सुगीत गरजेपायी उडीद, तूर स्वस्तात विकायची आणि आषाढात तीच डाळ दुकानातून महाग आणायची, हे घराघरात चालते. म्हणून विकण्याआधी वर्षाची डाळ आणि बियाणे बाजूला काढावे. कणगीत राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून धान्य टिकवायची रीत जुन्या बायकांना चांगली माहीत आहे. एकट्या घराला जमत नसेल तर पाड्याची धान्यकोठी करावी. सुगीत प्रत्येकाने थोडे धान्य टाकायचे, पावसाळ्यात लागेल त्याने न्यायचे आणि नव्या पिकावर सवाईने परत करायचे. सावकाराकडे दिडीने फेडावे लागते, इथे वरचा पाव हिस्साही पाड्याचाच राहतो.

आगोटीची खरेदी एकत्र

पावसाळ्याआधी मीठ, मिरची, कांदे, सुकट, बोंबील भरून ठेवायची आगोटीची रीत आपली जुनीच आहे. तिला आम्ही फक्त गटाची जोड दिली. दहा घरांनी मिळून १५ किलो तेलाचा डबा घेतला तर प्रत्येकाला दीड किलो येते आणि भाव ठोकचा लागतो. सुकट मे महिन्यात घ्यावी. पाऊस लागला की ती महागते. टेंपोचे भाडे दहा ठिकाणी विभागले जाते.

यात भांडणे होऊ नयेत म्हणून तीन नियम पाळावेत. खरेदीला दोघींनी जायचे आणि दर वेळी जोडी बदलायची. प्रत्येक वस्तूची पावती आणायची. वाटप पाड्याच्या अंगणात, सर्वांसमोर, काट्यावर करायचे. भाड्याचा खर्च धरूनही भाव कमी पडला तरच पुढच्या वेळी जायचे.

हक्काचे आधी, विकतचे नंतर

बाजाराची यादी करण्याआधी रेशनचे धान्य पूर्ण उचलले का ते पाहावे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कातकरी ही आदिम जमात असल्याने कातकरी कुटुंबे अंत्योदयच्या निकषात बसतात. ज्यांच्याकडे हे कार्ड नाही त्यांनी तहसील कार्यालयात अर्ज करावा. अंगठा दिल्यावर मशीनमधून पावती निघते. ती मागून घ्यावी आणि धान्य तिच्याशी ताडून पाहावे. कमी असेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

भट्टीवर गेलेल्या कुटुंबांनाही हे धान्य सोडावे लागत नाही. एकाच कार्डावर कोणत्याही गावच्या रेशन दुकानातून धान्य घेता येते. थोडे भट्टीजवळ आणि उरलेले घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी, असेही घेता येते. भट्टीशेजारच्या दुकानात खर्चीतून महाग तांदूळ घेण्याआधी हे आठवावे.

घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर तिचे नाव अंगणवाडीत घालावे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागात अशा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळतात.

काय कापू नये

हात आखडला की आधी डाळ, तेल आणि अंडे कमी होते. असे करू नये. ती बचत पुढे दवाखान्यात जाते. मीठ सुटे, खड्याचे न घेता आयोडीनचेच घ्यावे, दोन-चार रुपये जास्त गेले तरी. कापायचेच तर वेफर्स आणि रंगीत पाण्याच्या पिशव्या कापाव्यात. मूल रडते तेव्हा पाच रुपये देणे सोपे वाटते, पण रोजचे पाच म्हणजे महिन्याचे दीडशे. तेवढ्यात भुईमुगाचे दाणे आणि गूळ घरात येतो.

सुरुवात कशी करावी

एक वही आणि तीन रकाने पुरतात : काय घेतले, किती वजन, किती रुपये. चार बाजार लिहिल्यावर पैसा कुठे गळतो ते आपोआप दिसते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वतीने शाळेतले मूल लिहील. दर आठवड्याला वाचलेली रक्कम गटाच्या पेटीत वेगळी ठेवावी आणि ती भाद्रपदापर्यंत काढू नये. उचलीची रक्कम मोठी असते, एका वर्षात ती सगळी टळणार नाही. पण २० हजारांची गरज १५ हजारांवर आली, तर नवरा एकटा भट्टीवर जाऊ शकतो आणि मुले घरी राहून शाळेत जातात. गेल्या दोन वर्षांत आमच्या गटांतल्या काही घरांत असे घडले आहे.

हितचिंतकांना एक विनंती आहे. दिवाळीत आपण जुने कपडे पाठवता, त्याबद्दल आभार. यंदा शक्य झाल्यास एखाद्या पाड्यासाठी पडताळणी केलेला काटा, पत्र्याची कोठी किंवा डझनभर वह्या द्याव्यात. पाड्यावरच्या बायकांना हिशेब उत्तम येतो. काटा, कोठी आणि वही एवढेच त्यांना कमी पडते.