समसूत कापडाची पारख

फुलीच्या टांक्याचें भरतकाम आपल्या घरांतून चांगलेंच रुजलेलें आहे. रुखवतांतील तोरण, रुमाल, भिंतीवरील चौकट ह्यांत मुलींचे महिनेच्या महिने खर्ची पडतात. रंग व नमुना निवडतांना जेवढा विचार होतो, तेवढा ज्या कापडावर हें सर्व उभें राहावयाचें त्याचा होत नाहीं. आणि पुष्कळ श्रम वायां जातात ते येथेंच. १९८२ सालापर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या मुलखांत कापडाची परंपरा मोठी आहे. तिच्याच आधारें ही पारख आम्ही वाचकभगिनींपुढें मांडीत आहों.

‘ओतप्रोत’ हा शब्द आपण प्रेमाविषयीं, भक्तीविषयीं योजतों. परंतु तो मूळचा विणकराचा. बृहदारण्यक उपनिषदांत गार्गी याज्ञवल्क्यास जे प्रश्न विचारते, ते ह्याच शब्दांनीं. कापडांतील उभीं सुतें म्हणजे ताणा व आडवीं म्हणजे बाणा. दर इंचास दोहोंची संख्या सारखी असेल, त्या कापडास समसूत म्हणावें. फुलीचा टांका हा सुतें मोजून घालावयाचा. तेव्हां फुली चौकोनी यावयाची तर सुतांचें जाळेंही चौकोनी हवें.

हें न पाहिल्यास काय होतें? समजा, इंचास ताण्याचीं २८ सुतें व बाण्याचीं २४ आहेत. दोन दोन सुतांवर एक फुली घातली, तर रुंदीस इंचांत १४ फुल्या बसतील व उंचीस १२च. नमुना ८४ फुल्या रुंद व तितकाच उंच असेल, तर चित्र ६ इंच रुंद व ७ इंच उंच होईल. कागदावरील वाटोळा चंद्र कापडावर अंड्यासारखा दिसेल व स्वस्तिकाच्या भुजा विषम होतील. हा दोष अर्धें काम झाल्यावर ध्यानांत येतो आणि उसवून जात नाहीं. कारण तो टांक्याचा नसून कापडाचा आहे.

परीक्षा मात्र सोपी आहे. फूटपट्टी व टांचणी घेऊन दुकानीं जावें. काठालगत सुतें दाट असतात, म्हणून काठापासून दूर, आडव्या दोन इंचांतील सुतें मोजावीं; मग तेथेंच उभ्या दोन इंचांतील. असें तीन ठिकाणीं करावें. घरीं आल्यावर चार इंचांचा चौकोन आंखून तो तुकडा धुवावा, सावलींत वाळवावा व पुन्हां मोजावा. खळ गेल्यावर कापड एकाच बाजूनें अधिक आटलें, तर सर्व कापड आधीं धुऊन, पुन्हां मोजून मगच सुई लावावी.

आतां स्थानिक कापडें पाहूं. सावली हें खादीचें जुनें केंद्र. १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन तेथें भरलें व गांधीजी त्यास उपस्थित होते. खादीचें हातसूत कोठें जाड, कोठें बारीक असतें. त्यामुळें संख्या जुळली तरी फुल्या लहानमोठ्या होतात. मोठ्या, ठसठशीत नमुन्यास ती शोभते. बारीक चेहरेपट्टीस नाहीं.

नागभीड व आरमोरी हीं गांवें कोशासाठीं प्रसिद्ध. ऐन व अर्जुन ह्या झाडांवर पोसलेल्या किड्यांचें हें रेशीम. करवतकाठी वस्त्रांत काठाचे दांते तीन धोट्यांनीं उठवितात. परंतु कोशाचा धागा नितळ, एकसारखा नसतो. त्यावर मोजून टांका घालणें डोळ्यांस शिक्षाच. त्यावर मॅटीचा तुकडा टांचून फुल्या भराव्या व मागून मॅटीचीं सुतें एकेक करून ओढून काढावीं. नक्षी कोशावर राहते.

मॅटी सर्वांत सोयीची, कारण तींत सुतें गटागटानें विणलेलीं असून घरें स्पष्ट दिसतात. स्वस्त मॅटी मात्र अनेकदां चौकोनी नसते. ती मोजल्याविना घेऊं नये. आयडा कापड ११, १४, १६, १८ घरांचें मिळतें. लहान मुलींस व वयस्क डोळ्यांस ११ घरांचें पुरे. १४ घरांवर सहापदरी दोऱ्याचे दोन पदर शोभतात.

शेवटीं एक सूचना. मागावर ताण्याची संख्या फणीच्या घरांनीं आधींच ठरते. बाण्याची संख्या विणकर हात्या किती जोरानें ठोकतो त्यावर. म्हणजे समसूत कापड विणणें हातमागास अशक्य नाहीं. मागणाऱ्यानें संख्या सांगितली पाहिजे. ताणा एका रुमालापुरता लावणें विणकरास परवडत नाहीं. चारपांच घरांनीं मिळून एक ठाण सांगितल्यास परवडेल. मग लेकीच्या रुखवतांत नमुना परगांवचा असला तरी कापड आपल्या वैनगंगेकांठचें असेल, आणि मागावर बसलेल्या घरासही काम मिळेल.