यील्ड फक्त 0.4 टक्के!

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये आमच्या बॅचचं यील्ड नेहमी मस्त यायचं. कसं, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. सिनियर्सची जर्नल्स कॉटखालीच असतात! म्हणून चार्ल्स पेडरसन यांच्याबद्दल वाचलं तेव्हा जरा लाजच वाटली. (मी कॉन्व्हेंटची, मराठीच्या चुका पोटात घाला.)

पेडरसनही कॉन्व्हेंटचेच बरं का! जन्म 1904, कोरियातल्या बुसानमध्ये. वडील नॉर्वेचे इंजिनियर, आई जपानी. आठव्या वर्षी नागासाकीच्या कॉन्व्हेंटमध्ये रवानगी झाली. पुढे अमेरिकेत डेटनला केमिकल इंजिनियरिंग, मग एमआयटीतून मास्टर्स. पीएच.डी. केली नाही, कारण वडिलांच्या पैशावर आणखी राहायचं नव्हतं. 1927 मध्ये ड्यूपाँट कंपनीत लागले ते 1969 मध्ये रिटायर होईपर्यंत तिथेच.

1962 मध्ये ते व्हॅनेडियमला पकडून ठेवणारा एक रेणू बनवत होते. कच्च्या मालात थोडी भेसळ होती. ती माहीत असूनही ते पुढे गेले. शेवटी हाताला लागले थोडेसे पांढरे, रेशमासारखे स्फटिक. यील्ड 0.4 टक्के. माझ्या जर्नलमध्ये हा आकडा असता तर लाल पेनने ‘रिपीट’ आलं असतं. पेडरसननी ते फेकले नाहीत. मिथेनॉलमध्ये ते नीट विरघळत नव्हते, पण सोडियमचा क्षार टाकला की विरघळायचे. आता सोडियम-पोटॅशियम असे कुणाला चिकटत नाहीत, हा तेव्हाचा पक्का समज.

तो रेणू निघाला अंगठीसारखा. कड्यात 18 अणू, त्यातले 6 ऑक्सिजन. ऑक्सिजनवर किंचित ऋण प्रभार, म्हणून मधल्या भोकात धन आयन ओढला जातो. सोडियम बसतो, पण पोटॅशियम अगदी मापात. इलेक्ट्रॉनची भागीदारी करणारा पक्का बंध नाही, नुसतं आकर्षण आणि माप. अंगठीची बाहेरची बाजू तेलकट स्वभावाची, त्यामुळे एरवी बेंझिनमध्ये न विरघळणारं पोटॅशियम परमँगनेटही हिच्याबरोबर आत शिरतं आणि बेंझिन जांभळं होतं! आयनाच्या डोक्यावर मुकुट चढल्यासारखं दिसतं, म्हणून नाव क्राउन ईथर.

1967 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मग फ्रान्सच्या लेन यांनी अंगठीऐवजी पिंजरे बनवले, अमेरिकेच्या क्रॅम यांनी आयनाच्या मापाचे साचे. ‘सुप्रामोलेक्युलर’ हे या विषयाचं बारसं लेन यांनी 1978 मध्ये केलं. 1987 चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. पेडरसन तेव्हा 83 वर्षांचे होते, आणि नावामागे ‘डॉक्टर’ नव्हतंच.