युद्ध संपलं, पण परतीची गाडी कुठाय?

युद्ध सुरू होताना रेल्वेने फौज कशी हलवतात, यावर ढीगभर पुस्तकं सापडतील. पण युद्ध संपल्यावर तीच फौज घरी कशी येते, यावर कोणी फारसं बोलत नाही. आज त्यावरच बोलू. उदाहरण घेऊ जर्मनीचं, साल १९१८.

आधी चार वर्षं मागे. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीने सुमारे ११,००० गाड्यांमधून तीस लाखांच्या वर माणसं हलवली. कोलोन शहरात ऱ्हाइन नदीवर रेल्वेचा पूल आहे. त्यावरून साधारण दर दहा मिनिटांना एक लष्करी गाडी जात होती. आणि गंमत म्हणजे या गाड्या पळत नव्हत्या, अक्षरशः रांगत होत्या. तेही मुद्दाम. सगळ्यांना एकच वेग ठरवून दिलेला. एक्स्प्रेस पुढे काढायची म्हणून आपली पॅसेंजर लूप लाइनला अर्धा तास उभी, हा अनुभव तुम्हाला असेलच. वेग एकच ठेवला की कोणी कोणाला ओलांडत नाही, आणि त्याच रुळांवरून कितीतरी जास्त गाड्या जातात. थ्रूपुट हवा असेल तर स्पीडचा मोह सोडा, असं साधं गणित.

हे सगळं चालवणाऱ्या रेल्वे विभागाचा प्रमुख होता विल्हेल्म ग्रोनर. ऑक्टोबर १९१८ मध्ये लुडेनडॉर्फला बाजूला केल्यावर त्याच्या जागी हाच ग्रोनर आला. म्हणजे ज्याने फौज नेली, तीच परत आणायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

११ नोव्हेंबरला पहाटे फ्रान्समधल्या कंपियेनच्या जंगलात युद्धविरामावर सह्या झाल्या. कुठे? तर रेल्वेच्या डब्यात! आता अटी ऐका. फ्रान्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि अल्सास-लोरेन १५ दिवसांत रिकामं करायचं. मुदतीनंतर जो सैनिक तिथे सापडेल तो युद्धकैदी. पुढच्या १६ दिवसांत ऱ्हाइनचा पश्चिम काठही सोडायचा. आणि त्याच ३१ दिवसांत ५,००० इंजिनं आणि १,५०,००० डबे चालू अवस्थेत मित्रराष्ट्रांच्या हवाली करायचे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एवढा मोठा रोलबॅक करायचाय, डेडलाइन हलणार नाही, आणि रोलबॅक चालू असतानाच समोरचा तुमचे सर्व्हर उचलून नेतोय. माझ्या मते या करारातली सगळ्यात कडक अट तोफांची नव्हती, हीच होती.

बरं, परतीची योजना नव्हतीच असं नाही. पण ती होती सावकाश, टप्प्याटप्प्याने सोडण्याची. खाणकामगार आणि रेल्वेवाले आधी, ज्यांना काम तयार नाही ते नंतर. कागदावर छान. प्रत्यक्षात चार वर्षांत इंजिनं झिजली होती, कोळसा पुरत नव्हता, तांब्याच्या टंचाईमुळे इंजिनाची भट्टी लोखंड-पोलादाची करावी लागत होती. त्यात देशात क्रांती झालेली, कैसर हॉलंडला पळालेला, तुकड्या-तुकड्यांत सैनिकांची मंडळं बसलेली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. आघाडीच्या मागे डेपोंत आणि गोदामांवर नेमलेली माणसं स्टेशनांच्या जवळ होती. मिळेल त्या गाडीत ती चढली. डबे भरले तसे लोक टपावर बसले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टाइमटेबल नुसत्या इंजिनावर चालत नाही. प्लॅटफॉर्मवरचा माणूस 'माझी गाडी नंतर येणार आहे' यावर विश्वास ठेवून थांबतो, म्हणून ते चालतं. १९१४ मध्ये तो थांबला. १९१८ मध्ये कोण कशाला थांबेल?

मग पश्चिम आघाडीवर खंदकांत लढलेल्या तुकड्यांचं काय? त्या बहुतेक चालत आल्या. हो, पायी! रस्ते वाटून दिले, तुकड्या फुटू दिल्या नाहीत आणि ऱ्हाइनच्या पुलांवरून लाखो माणसं मुदतीत पलीकडे काढली. रेल्वेवाल्या सेनापतीने मुख्य भार पायांवर टाकला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. चालणाऱ्या पलटणीला ना कोळसा लागतो ना सिग्नल. कोलोनचा महापौर तेव्हा कोनराड आडेनाउअर होता, जो पुढे पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सेलर झाला. फौज शहरातून जाणार म्हणून त्याने दारूचे साठे चक्क ऱ्हाइनमध्ये ओतायला लावले. नदी ओलांडल्यावर मात्र पुढचा, आपापल्या गावाकडचा प्रवास पुन्हा रेल्वेचाच.

इकडे इंजिनांची मुदत काही पाळता आली नाही. उशीर झाला म्हणून वरून आणखी ५०० इंजिनं आणि १९,००० डबे मागितले गेले. जानेवारी १९१९ मध्ये युद्धविराम वाढवताना त्याऐवजी शेतीची अवजारं घ्यायचं ठरलं. त्यात वाफेवर चालणाऱ्या नांगरांचे ४०० संच होते!

पूर्वेकडे गोष्ट वेगळीच. युक्रेनमध्ये लाखो जर्मन सैनिक अडकलेले. तिथून चालत येणार कसं? हजारभर किलोमीटर, आणि वर थंडी. रूळही रशियन मापाचे, १,५२४ मिलिमीटर रुंदीचे. जर्मनीत १,४३५. म्हणजे जर्मनीचे डबे सरळ तिथे जाणार नाहीत. वॉर्सोत तर पोलिश लोकांनी नोव्हेंबरातच जर्मन सैनिकांची शस्त्रं काढून घेतली होती, त्यामुळे पोलंडमधून सरळ येणारी वाट बंद. उरला उत्तरेचा लांबचा रस्ता, ब्रेस्ट-लिटोव्हस्क आणि बियालिस्टोकवरून पूर्व प्रशियाकडे. वाटेत स्टेशन ज्याच्या ताब्यात, त्याच्याशी बोलणी. बऱ्याचदा बंदुका खाली ठेवल्या तरच गाडी पुढे.

शेवटी ५ फेब्रुवारी १९१९ ला बियालिस्टोकमध्ये जर्मनी आणि पोलंडमध्ये करार झाला. जर्मनांना घरी जायला वाट, आणि त्यांनी सोडलेल्या भागातून पोलिश फौजेला पूर्वेकडे सरकायला वाट. पश्चिमेतली फौज ऱ्हाइन ओलांडून आली त्याला तोवर जवळपास दोन महिने होत आले होते.