बटण बंद, तरी चुंबक चालूच

तिवसा तालुक्यातल्या मोझरीला गुरुकुंज उभारणारे तुकडोजी महाराज 1968 साली कॅन्सरने गेले. नागपूरच्या प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. तिवशाहून शंभरावर किलोमीटर जाऊन तिथे ‘शेक’ म्हणजे किरणोपचार घेणाऱ्या बाईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असेल, तर किरण नेमके कुठे पडतात यावर सगळे अवलंबून असते. सीटी स्कॅनमध्ये गाठ आणि आजूबाजूचा मऊ भाग जवळपास एकाच करड्या रंगात दिसतो. एमआरआय शरीरातल्या पाण्या-चरबीतल्या हायड्रोजनकडून संकेत घेते, म्हणून गाठीची कड उठून दिसते. मुंबईच्या टाटा मेमोरियलसह 24 केंद्रांनी केलेल्या ‘एम्ब्रेस’ अभ्यासात आतून दिलेल्या शेकाची आखणी एमआरआय पाहून केली गेली. पाच वर्षांनंतर सुमारे 92 टक्के बायकांमध्ये त्या जागी रोग आटोक्यात होता. श्रेय एकट्या एमआरआयचे नाही, पण तिच्याशिवाय इतकी नेमकी आखणी अवघडच.

तरी माझा रोख यंत्रावर नाही, ते हाताळणाऱ्या तंत्रज्ञावर आहे. निदानाचा एमआरआय बहुधा किंचित खोलगट, गादीच्या पलंगावर होतो आणि शेक सपाट, कडक पलंगावर. मूत्राशय भरलेले की रिकामे, एवढ्यानेही गर्भाशय जागा बदलते. चित्र एका स्थितीतले आणि उपचार दुसऱ्या स्थितीत, मग स्पष्ट चित्राचा उपयोग काय? शिवाय शेकाच्या तंत्रज्ञाची एक जुनी सवय मोडावी लागते. शेक देणाऱ्या लिनॅक यंत्राचे बटण बंद केले की किरण थांबतात आणि आत जाता येते, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. एमआरआयचे चुंबक मात्र रात्रंदिवस चालू असते; दीड टेस्लाचे म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला.

कोणी म्हणेल, शेकाच्या मशीनलाच रांग आहे, तिथे एमआरआयचे लाड कशाला? रांगेचा मुद्दा खराच, मशीन आधी हवी. पण दर रुग्णालयाने नवी एमआरआय घ्यावी असे कुठे आहे? निदानासाठी असलेल्या यंत्रावर सपाट फळी टाकून आखणीचे चित्र काढता येते. फळी, लोखंड नसलेली साधने आणि दोन्ही खोल्या जाणणारा माणूस मात्र हवा. ‘एमआरआयचा तंत्रज्ञ आहेच की’ हाही युक्तिवाद अर्धाच: त्याला चुंबक कळते, पण उद्या ही बाई शेकाच्या पलंगावर कशी निजणार आहे, हे त्याला कोण सांगणार?