रिंग किती लांबून टाकायची?

बजाजनगरमधल्या एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा डिप्लोमा करून वाळूजमध्ये सुपरवायझर आहे. नोकरी सोडून भाड्याच्या शेडमध्ये जुनं सीएनसी मशीन बसवायचं आणि जॉब वर्क घ्यायचं, असं त्याच्या मनात आहे. मोबाइलवर त्याने कुठलीशी व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि तिने शेरा मारला, ‘उद्योजकतेचा कल: कमी’. आईंना हायसं वाटलं, पण विश्वास बसेना. त्या विचारतात, ‘स्वभावावरून हे खरंच कळतं का?’

थोडंसं कळतं. फक्त त्या शेऱ्यातून जे कळल्यासारखं वाटतं, ते नव्हे.

अशा चाचण्यांचा माग काढला की वाट हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलंडपाशी जाते. काहीतरी करून दाखवण्याची ओढ मोजता येते, असा त्याचा दावा होता. 1961च्या ‘द अचीव्हिंग सोसायटी’ या पुस्तकात तर त्याने अख्ख्या देशांची प्रगती त्या ओढीला बांधली. तो दावा मला फार ताणलेला वाटतो. पण त्याने वापरलेला रिंगचा खेळ मात्र झकास! नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत वस्तूंवर रिंग टाकायचा खेळ असतो, तसाच. फरक इतकाच की यात्रेत रेघ दुकानदार आखतो; इथे खुंटीवर रिंग कुठून टाकायची ते मुलांनीच ठरवायचं. काही मुलं खुंटीला नाक लावून उभी राहत, काही पार मागे जात. तिथून लागली तर कौतुक आणि हुकली तर लाज नाही. ओढ जास्त असलेली मुलं मधलं अंतर निवडत, जिथून नेम चुकू शकतो, पण सरावाने साधूही शकतो. उद्योजक म्हणजे जुगारी, या समजुतीला हा चांगलाच धक्का होता. उद्योजकता प्रशिक्षणाच्या वर्गांत हा खेळ अजून खेळवतात. 1988मध्ये आपल्या छत्रपती संभाजीनगरात महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभं राहिलं, त्याआधी गुजरातने सत्तरच्या दशकात अशा प्रशिक्षणाचा पाया घातला होता.

ही ओढ मोजायची कशी? चित्र दाखवायचं, त्यावर गोष्ट रचायला सांगायची आणि गोष्टीतून मन वाचायचं. पद्धत मूळची मॅक्लेलंडची नव्हे. 1935च्या पहिल्या शोधनिबंधावर दोन नावं होती, आधी ख्रिस्तियाना मॉर्गन आणि मग हेन्री मरे. सुरुवातीची कितीतरी चित्रं मॉर्गनने स्वतः काढलेली. 1943मध्ये चाचणी छापून बाजारात आली तेव्हा लेखक म्हणून एकट्या मरेचं नाव उरलं. मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक हाती आलं की मी आधी या चाचणीचं पान उघडून बघतो. मॉर्गनबाई बहुतेक वेळा नसतातच.

मॅक्लेलंडला मात्र मोजमापापेक्षा ती ओढ वाढवता येते का, यात रस होता. साठच्या दशकात त्याने आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन पाहिलं. प्रशिक्षण घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा व्यवसायात जास्त हालचाल करताना दिसले. म्हणजे ज्याच्या नावाने आज शिक्के मारले जातात, तो स्वतः स्वभावाला दगडावरची रेघ मानत नव्हता.

अलीकडचं संशोधन पाहू. 2010मध्ये हाओ झाओ आणि सहकाऱ्यांनी साठ अभ्यास एकत्र तपासले. नव्या अनुभवांची आवड आणि कामातला काटेकोरपणा ज्यांच्यात जास्त, त्यांना धंदा काढावासा जास्त वाटतो आणि तो चालण्याशीही या गुणांचं नातं आहे. जोखमीच्या आवडीची गंमत वेगळी: ती धंद्यात उतरण्याची इच्छा वाढवते, पण धंदा नीट चालण्याशी तिचं नातं सापडलं नाही. शिवाय हे सगळे सरासरीचे कल आहेत. त्यावरून एकट्या माणसाबद्दल निकाल देणं म्हणजे मराठवाड्याचा सरासरी पाऊस बघून आपल्या शेतातली पेरणी ठरवणं.

आणि रेघ कोण आखतं, हे चाचणी विचारतच नाही. 1985मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि भोवती सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांची साखळी वाढली. कंपनीत ड्रॉइंग वाचायला शिकलेल्या माणसाला गिऱ्हाईक समोरच दिसू लागलं. त्याचा स्वभाव रातोरात बदलला नव्हता, खुंटी जवळ आली होती. पण ज्याच्या घरी दोन महिन्यांचा पगार थांबला तर चूल थांबते, त्याची रेघ अजून लांबच असते. त्याने नोकरी धरून ठेवली तर तो भित्रा ठरत नाही.

स्वभावाचा जो भाग शिकवता येतो त्याचा चांगला पुरावा टोगोहून आला आहे. राजधानी लोमेमध्ये 1,500 छोट्या व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला हिशेब, विपणन असं नेहमीचं शिक्षण दिलं. दुसऱ्याला कुणी सांगायची वाट न बघता पुढाकार घेणं, अडचण आधी ओळखणं, अपयशानंतर चिकटून राहणं याचा सराव दिला. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. निकाल 2017मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. तिसऱ्या गटाच्या तुलनेत पुढाकाराच्या गटाचा नफा तीस टक्क्यांनी जास्त निघाला. हिशेबाच्या गटाचा अकराच टक्के, आणि तोही योगायोग असू शकेल इतपत.